वेढे

फ्रीजच्या डोक्यावर तो एकोणीस वर्षं बसलाय,
करड्या पत्र्याचा स्टॅबिलायझर,
वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर विजेची बिलं,
बिलांवर आवळासुपारीची बरणी.
रात्री दाब वरखाली झाला की टक् करायचा.
त्या टक्ची एवढी सवय
की मंगळवारी तो गप्प राहिला आणि मला जाग आली.

निमिष म्हणाला, दोन्ही काढ.
नव्या फ्रीजला हे लागतच नाही.
जुना दिला की पंधराशे सुटतात,
रविवारी घोडबंदरला जाऊन बघू.
त्याचं काही चुकत नाही. फ्रीजचं रबर केव्हाच सैल झालंय,
दाराला मी स्टूल टेकवते
आणि पाहुण्यांना सांगते, त्यावर नका बसू, ते फ्रीजचं आहे.

तरी मी तो पिशवीत घातला.
रिक्षावाला म्हणाला, मावशी, जातं घेऊन निघालात का?

किसननगरच्या गल्लीत तुंगेकरांनी चार स्क्रू काढले,
वास घेतला, मान हलवली.
"वाइंडिंग जळालंय. होईल दुरुस्त,
पण वेढे घालणारं आता आहे कोण?
एक होता उल्हासनगरात, त्यानं ज्यूसची गाडी टाकली.
नवा घ्या, बाराशेत येतो, हलका, भिंतीला टांगता येतो.
तांब्याच्या तारेतच तुमचे तेवढे जातील."
माणूस खोटं बोलत नव्हता.
खोटं बोलणारा आधी दोनशे रुपये ठेवून घेतो.

मी चष्मा पुसला आणि कोअरच्या कोपऱ्यात
तो ठिपका पाहिला. जांभळा. नेलपॉलिशचा.

रोड नंबर सोळाला आमची शेड होती,
आता तिथे काच आहे, आणि गळ्यात पट्टे घातलेली मुलं.
आम्ही बावीस जणी, बावीस रंग,
माल परत आला तर कुणाच्या नावावर, ते कळावं म्हणून.
माझा मोरपंखी.
जांभळा हेमलता नाखवाचा, चेंदणीची.
ती वेढे घालता घालता बोलायची,
बाजारात सुरमई कशी, जावेनं काय म्हटलं,
मधेच हसायची, तार सैल पडायची,
आणि एकदा तिचा खराब नग माझ्या नावावर चढला,
माझे पंधरा रुपये कापले.
मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं,
हिचं वाइंडिंग दोन वर्षं टिकलं तर नाव बदलीन.

मग शेडच बंद झाली.
शेवटच्या पगाराऐवजी प्रत्येकीला दोन दोन नग दिले.
एक मी विकला.
ठेवला तो माझाच असणार असं धरून चालले,
उघडून कोण बघतं?

एकोणीस वर्षं, हेमलता.
तुझ्या सैल तारेवर माझं दूध टिकलं,
निमिषची इंजेक्शनं टिकली त्या कावीळीच्या महिन्यात,
दहावीच्या पेढ्यांचा दीड किलो खवा टिकला.

तुंगेकरांना म्हटलं, तार काढा.
"कुठली?"
मी गेज सांगितला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले,
मग माळ्यावरून हातानं फिरवायचं यंत्र काढलं,
धूळ फुंकली, स्टूल पुढे सरकवलं.
त्यावर बसायला हरकत नव्हती.

बोटांना आठवत होतं. डोळ्यांना नाही.
तार अंगठ्याखालून सरकते तेव्हा
ती गरम होते, थोडीशीच,
हे मी विसरले होते.
दर शंभराला खडूची रेघ पाटीवर,
तुंगेकर ओढत होते, तिसऱ्या रेघेनंतर
त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलं.

हे शहाणपणाचं नाही, मला कळतंय.
नवा फ्रीज येणारच, रबर काही जुळत नाही,
आणि त्या दिवशी हा पुन्हा पिशवीत जाईल,
कुठे ते ठरलेलं नाही.

फोन वाजला. निमिष.
"आई, रंग कुठला घेऊ? करडा, लाल, की तो निळसर?"
थांब, म्हटलं, थांब जरा,
सातशे बारा.
की सातशे एकवीस?